गर्भाचा प्रश्न आणि मतपेटी

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई प्रांताच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार प्रभाकर रोहम एक अशासकीय ठराव मांडायला उभे राहिले. तीनच दिवसांपूर्वी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला होता आणि शहर अजून त्याच विषयानं तापलेलं होतं. रोहम यांचा ठराव मात्र भलत्याच गोष्टीचा होता. सरकारनं संततिनियमनाचा जोमानं प्रचार करावा आणि त्याची साधनं लोकांच्या हाती पडतील अशी व्यवस्था करावी, एवढीच त्यातली मागणी. भाषण तयार केलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या वतीनं रोहम यांनी ते सभागृहापुढे ठेवलं.

गरिबी, अर्भकमृत्यू, बाळंतपणामागून बाळंतपणं काढून खंगलेल्या बायका, असा सगळा हिशेब त्या भाषणात होता. पण त्यातला सर्वांत धीट विचार पुढचा. बाईला कोणत्याही कारणानं मूल नको असेल, तर ते टाळणं तिला शक्य असलं पाहिजे आणि हा निर्णय सर्वस्वी तिच्या मर्जीचा असला पाहिजे, असं त्यात बजावलं होतं. मतं पडली. बाजूनं ११, विरुद्ध ५२. ठराव बारगळला.

त्यानंतर या राज्यात गर्भ, अपत्यं, नसबंदी, गर्भलिंग या सगळ्यांवर कायदे झाले. काही दिल्लीहून आले, काही इथल्या विधिमंडळानं केले. एकही कायदा होण्याआधी मतदाराला कुणी विचारलं नाही. अमेरिकेत याच्या अगदी उलट घडलं. तिथं १९७३ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताला संरक्षण दिलं आणि तेव्हापासून हा प्रश्न निवडणुकीला चिकटला तो कायमचाच. राज्याच्या निवडणुका जवळ आल्या की गर्भपातविरोधी संघटना उमेदवारांना प्रश्नावल्या पाठवतात, त्यांची जुनी मतदानं तपासतात आणि कुणाच्या पाठीशी उभं राहायचं ते जाहीर करतात. पलीकडच्या बाजूच्या संघटनाही तेच करतात. राज्याच्या विधिमंडळात कोण बसणार, हे कित्येक ठिकाणी या पाठिंब्यावर ठरतं.

महाराष्ट्रात असा पाठिंबा कुणी जाहीर का केला नाही? आणि त्याच्या जागी काय घडलं? हा इतिहास नीट पाहायचा तर रायगडच्या किनाऱ्यावर उभं राहून पाहावा. कारण या कहाणीचे बरेच धागे, कधी सरळ तर कधी आडवळणानं, अलिबाग, मांडवा, उरण या पट्ट्यात येऊन मिळतात.

चरीचं मत

संघटनेनं उमेदवाराच्या पाठीशी उभं राहायचं आणि उमेदवारानं निवडून येऊन संघटनेचं गाऱ्हाणं सभागृहात न्यायचं, ही देवघेव या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. खोत आणि सावकार यांच्याविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळं एकवटली होती. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी सभा झाली आणि खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत, असा निर्धार झाला. आसपासच्या पंचवीसेक गावांतली शेतं ओस पडली. घरात दाणा नाही, डोक्यावर कर्ज, तरी आगरी कुळांनी सहा वर्षं संप रेटला. शेतकऱ्यांचा एवढा लांबलेला संप देशात दुसरा सांगता येणार नाही. १९३४ साली आंबेडकर चरीला येऊन गेले.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत आंबेडकरांच्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षानं १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुसंख्य निवडून आणले. कुलाब्यातून निवडून आलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. निवडणुकीला वर्षही झालं नव्हतं तोच, १७ सप्टेंबर १९३७ ला, आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक विधानसभेत आणलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी बोटींनी आणि पायी मुंबईत येऊन कौन्सिल हॉलवर धडकले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण महसूलमंत्री मोरारजी देसाईंना चरीची दखल घ्यावी लागली आणि १९३९ च्या कूळकायद्यात कुळाचं नाव लागलं.

जमिनीच्या प्रश्नामागे गाव होतं, सभा होत्या, उपाशी राहायची तयारी होती आणि मत होतं. वर्षभरानं त्याच पक्षाच्या रोहम यांनी मांडलेल्या ठरावामागे यातलं काहीच नव्हतं. ज्यांच्यासाठी तो होता त्या बायकांपैकी बहुतेकींना मताचाच अधिकार नव्हता, कारण तेव्हाचं मत मालमत्तेवर आणि शिक्षणावर मिळे. ज्यांना होता त्यांची या विषयावर संघटना नव्हती. ५२ विरुद्ध ११ या आकड्याचं मर्म हेच. तिथे नुसत्या विचाराचा पराभव झाला नव्हता. विचार सभागृहात पोचला होता, पण त्याला कुणी मतदारसंघ नव्हता.

शास्त्रात पाप, दाराआड सुईण

संघटना नव्हती म्हणून प्रश्न नव्हता असं नाही. १८६० च्या भारतीय दंडविधानातल्या ३१२ व्या कलमानं गर्भपात गुन्हा ठरवला. करणाऱ्याला शिक्षा आणि करवून घेणाऱ्या बाईलाही शिक्षा. तिचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूनं केलेला गर्भपात तेवढा माफ. शास्त्रात भ्रूणहत्या हे महापातक. तरी पोट पाडणाऱ्या सुईणीचं दार प्रत्येक पंचक्रोशीतल्या बायकांना ठाऊक असे. त्या दारातून परत न आलेल्यांची नोंद कुठेच होत नसे.

महाराष्ट्रातल्या सुधारकांनी या प्रश्नाला हात घातला तो विधवांच्या बाजूनं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला. १८७५ साली पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तशीच संस्था उभी केली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी झाली, पण त्या खटल्यावरून जे काहूर माजलं त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. पाप बाईचंच कसं, हा त्यांचा सवाल होता.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी पुढचं पाऊल टाकलं. जन्म दापोलीजवळच्या मुरुडचा, नोकरी मुंबईच्या विल्सन कॉलेजात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, नोकरीवर पाणी सोडलं आणि जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. १९३८ च्या ठरावाचं मूळ शोधायचं तर ते या कोर्टातही सापडेल. पण कर्वे एकटे होते. निवडणुकीला उभं राहणाऱ्या कुणालाही त्यांचा पाठिंबा हवासा वाटला नसता.

समितीतून आलेला कायदा

स्वातंत्र्यानंतर सरकारचं मत बदललं ते बाईच्या मर्जीमुळे नव्हे, लोकसंख्येच्या धास्तीमुळे. १९५२ साली कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. योगायोग असा, की त्या वर्षी कुलाब्यानं लोकसभेत पाठवलेले खासदार चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, देशाचे अर्थमंत्री होते. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळातली.

१९६४ मध्ये केंद्र सरकारनं गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमली. अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीनं दोन वर्षं काम केलं आणि डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला. पन्नास कोटींच्या देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम करवले जात असावेत, असा तिचा अंदाज होता. कायद्यानं गुन्हा असलेली गोष्ट इतक्या मोठ्या प्रमाणावर दाराआड चालत असेल, तर बायकांचे जीव वाचवायला कायदाच बदलावा, असा समितीचा निष्कर्ष. १९७१ साली संसदेनं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. तेव्हा अमेरिकेतल्या ‘रो’ निकालाला अजून नऊ-दहा महिने अवकाश होता.

म्हणजे ज्या कायद्यावरून अमेरिकेत पुढची पन्नास वर्षं निवडणुका लढल्या गेल्या, तो आपल्याकडे मोर्चा नाही, प्रचारसभा नाही, असा अलगद आला. विरोध अगदीच झाला नाही असं नव्हे. १९६८ साली पोपनी कृत्रिम संततिनियमनाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली होती आणि मुंबईच्या कॅथलिक धर्मपीठाला गर्भपाताचा कायदा मान्य नव्हता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे कॅथलिक आजही आहेत, त्यांचं चर्च आहे. पण एका गावाच्या मतांवर आमदार ठरत नाही. वसईतही कॅथलिक मतं होती, पण त्यांच्या निवडणुका शेतीच्या, पाण्याच्या, जमिनीच्या प्रश्नांवर झाल्या. चर्चनं मतदारांना विवेकानं मत द्यायला सांगितलं, उमेदवाराच्या नावावर बोट ठेवलं नाही. हिंदू परंपरावाद्यांना लोकसंख्येची चिंता गर्भपाताच्या पापापेक्षा मोठी वाटत होती. शेतकरी कामगार पक्षाला जमिनीचा प्रश्न होता आणि काँग्रेसचा तर हा कायदाच होता.

आंदोलन न होता मिळालेल्या कायद्याची रचना मात्र तशीच राहिली. १९७१ च्या कायद्यात गर्भपात हा बाईचा हक्क म्हणून आलाच नाही. दंडविधानातला गुन्हा कायम ठेवून डॉक्टरला त्यातून सूट देण्यात आली. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, बारा ते वीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं. साधन निकामी ठरल्याचं कारण चालेल, पण ते विवाहितेलाच. तिच्या नवऱ्याची संमती कायद्याला लागत नाही. तरी अनेक दवाखान्यांत अजून ती मागतात. बाईच्या मर्जीला १९३८ मध्ये नाकारलेली जागा १९७१ मध्येही मिळाली नाही. ती डॉक्टरच्या मताला मिळाली.

शंकररावांचं विधेयक

पाच वर्षांनी मर्जीचा प्रश्न उलटा होऊन समोर आला. आणीबाणी होती. १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्रीय आरोग्यमंत्री करणसिंग यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केलं आणि सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायचा तर राज्यांनी तो करावा, अशी मुभा दिली. ही मुभा वापरण्यात महाराष्ट्र सर्वांच्या पुढे होता. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. तीन मुलं झाल्यावर ठरल्या मुदतीत नसबंदी करून घेणं बंधनकारक, नाही तर शिक्षा, असं विधेयक विधिमंडळानं १९७६ मध्ये संमत केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही.

कायदा झाला नाही तरी मोहीम थांबली नाही. मुंबई महापालिकेच्या डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं आधीच चालवून दाखवली होती. आता तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा प्रत्येकाला ‘केसेस’चं लक्ष्य नेमून दिलं गेलं. केस आणली नाही तर पगार अडकायचा. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्रानं आठ लाखांचा टप्पा ओलांडून नेमून दिलेलं लक्ष्य कितीतरी मागे टाकलं. या शस्त्रक्रियांशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंच्या तक्रारी पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर आल्या.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. महाराष्ट्राच्या इतिहासात पुनरुत्पादनाचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचला असेल तर तो या एकाच वेळी. कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले. उरण तालुक्यातल्या जासईचे हे वकील आधी पनवेलमधून विधानसभेत बसत आलेले. राज्यात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या. उत्तर प्रदेशात ८५ पैकी एकही मिळाली नाही.

कुलाब्यानं नसबंदीविरुद्ध मत दिलं, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येणार नाही. सिडकोनं नवी मुंबईसाठी पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. दि. बा. त्यांचा आवाज होते. आणीबाणीतली तुरुंगवासाची धग होती. शेकापची चरीपासूनची मुळं होती. अमेरिकेत संघटनेचा पाठिंबा हे एवढं काम तरी करतो, की मत कशासाठी दिलं ते सांगतो. इथं तसं सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक पक्षानं निकालातून आपल्याला सोयीचा अर्थ काढला.

सरकारी यंत्रणेनं काढलेला अर्थ सर्वांत सोयीचा होता. ‘कुटुंबनियोजन’ खात्याचं नाव ‘कुटुंबकल्याण’ झालं, सक्ती गेली आणि पुरुषांची नसबंदी जवळजवळ बंद पडली. लक्ष्य तेच राहिलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर आता बायका आल्या. १९७७ ला रागावलेला मतदार पुरुष होता, हे यंत्रणेला नेमकं कळलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. राजकीय पक्षांनी १९७७ चा धडा पाठ केला, आणि त्याचा भार बायकांनी उचलला.

मांडव्याहून मुंबईला

आता किनाऱ्यावर अलिबागच्या थोडं उत्तरेला, मांडव्याला. गेटवेवरून लाँचनं तासाभरात पोचता येतं. सत्तरच्या दशकात जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी इथल्या गावांत आरोग्याचा प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांच्या हातात औषधं, बाळंतपणाची काळजी, लसीकरण सोपवलं. डॉक्टर नसलेल्या गावात डॉक्टरचं बरंचसं काम बायकाच करू शकतात, हे त्यातून सिद्ध झालं. अंतियांच्या लोकारोग्य संशोधन संस्थेची घडण मांडव्याच्या या अनुभवातून झाली.

त्याच संस्थेकडून १९८६ मध्ये महाराष्ट्राला एक हादरा बसला. गर्भजल काढून गर्भाचं लिंग सांगणारी तपासणी तेव्हा जोरात होती. लोकल गाड्यांतून तिच्या जाहिराती दिसत. आज काही शे रुपये खर्चा आणि पुढचा हुंडा वाचवा, असा त्यांचा सूर. राज्याच्या आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. ५० पैकी ४२ जण लिंग सांगण्यासाठी ही तपासणी करत होते. गरिबांच्या अडाणीपणाकडे बोट दाखवायची सोय या आकड्यानं संपवली. सुशिक्षित शहरातल्या पदवीधर डॉक्टरांचा हा धंदा होता.

मुंबईत लिंगनिदान आणि लिंगनिवडीविरुद्ध मंच उभा राहिला होता. स्त्रीवादी कार्यकर्त्या, डॉक्टर, वकील, लोकविज्ञानवाले असे त्यात होते. विभूती पटेल, डॉ. आर. पी. रवींद्र अशी नावं या कामाशी जोडलेली आहेत. पथनाट्यं झाली, लोकलमध्ये उलटा प्रचार झाला. १९८६ च्या नोव्हेंबरात आईबाप आपल्या मुलींना पुढे करून मोर्चानं निघाले.

अमेरिकेतला वाचक इथे गोंधळेल. लिंगावरून होणारे गर्भपात थांबवा ही मागणी तिथं गर्भपातविरोधी गटांची. पेनसिल्वेनियानं १९८९ मध्ये तसा कायदा केला, तो गर्भपात आवळण्याच्या खटाटोपाचा भाग म्हणून. मुंबईच्या मंचाला गर्भपाताच्या मुभेला धक्का लावायचा नव्हता. नको असलेलं गर्भारपण थांबवायची मुभा बाईला हवी, आणि मुलगी म्हणून गर्भ नाकारण्याचं तंत्र बंद व्हावं. अशा दुहेरी भूमिकेवर उमेदवारांच्या नावापुढे बरोबर-चूक अशा खुणा करता येत नाहीत. म्हणून मंचानं निवडणुकीची वाट धरली नाही. त्यानं निवडून आलेल्यांना गाठलं.

त्या सभागृहात ऐकणारी माणसं होती. गोरेगावच्या समाजवादी आमदार मृणाल गोरे यांनी लिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. विरोधी पक्षनेतेपद त्या वर्षांत आलटून पालटून अलिबागचे दत्ता पाटील आणि मृणाल गोरे यांच्याकडे होतं. दत्ता पाटील हे चरीच्या संपाच्या नारायण नागू पाटलांचे चिरंजीव. मुख्यमंत्री होते पुन्हा शंकरराव चव्हाणच. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या सरकारनं तिसऱ्या मुलानंतर शरीरावर सक्ती आणू पाहिली, त्यांच्याच कारकिर्दीत १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा झाला. १० मे १९८८ पासून तो लागू झाला. त्याच धर्तीवर १९९४ चा केंद्रीय कायदा आला.

दोन-अडीच वर्षांत कायदा, हे मोठंच यश. पण त्यातल्या तडजोडीही तशाच. तपासणी फक्त सरकारी रुग्णालयांत व्हावी हा मंचाचा आग्रह सुटला, खासगी केंद्रांना परवाने मिळाले. मग सोनोग्राफीची यंत्रं आली आणि गर्भजलाची सुई मागे पडली. अंमलबजावणीसाठी पुन्हा बाहेरच्याच माणसांना झगडावं लागलं. २००० साली ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर नोंदणी, तपासण्या, २००३ ची दुरुस्ती झाली. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये तर ८०७. रायगड त्या मानानं बरा, ९३५. कायदा मंजूर करताना टाळ्या वाजवणाऱ्या आमदारांपैकी कुणालाही आपल्या तालुक्यातल्या मुलींच्या आकड्याबद्दल मतदारापुढे उत्तर द्यावं लागलं नाही.

उमेदवाराची मुलं मोजणारा कायदा

या कहाणीत उमेदवार आणि गर्भ यांची थेट गाठ पडते ती अगदी वेगळ्या ठिकाणी. पंचायत राज्याच्या कायद्यांत महाराष्ट्रानं अट घातली, की १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येणार नाही आणि निवडून आल्यावर झालं तर पद जाईल. आमदार-खासदारांना ही अट नाही. ज्यांनी कायदा केला त्यांनी स्वतःला वगळलं.

अमेरिकेत संघटना उमेदवाराला गर्भपाताबद्दलचं मत विचारते. इथं कायदा उमेदवाराची मुलं मोजतो. अर्जांच्या छाननीला प्रतिस्पर्धी जन्मदाखले घेऊन हजर असतात. शाळेच्या रजिस्टरातल्या तारखा, दत्तक गेलेलं मूल, नातेवाइकांच्या नावावर लावलेलं मूल, सगळं बाहेर निघतं. अपात्रतेचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातात आणि निकाल लागेपर्यंत पदाची निम्मी मुदत सरते. एक मुलगी असलेल्या, राखीव जागेवर उभ्या राहू पाहणाऱ्या बाईच्या घरात या अटीचं काय होतं, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. सासरच्यांना मुलगाही हवा आणि सरपंचपदही हवं. दोन्ही साधायचं तर गर्भ तपासण्याची आणि पाडण्याची वाट समोरच असते. म्हणजे १९८८ च्या कायद्यानं जी वाट बंद करायची, त्याच वाटेवर दुसरा कायदा माणसं ढकलतो. सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली हरियाणाच्या अशाच अटीला वैध ठरवलं आणि महाराष्ट्रातली अट चालू राहिली. तिच्याविरुद्ध निवडणूक कुणी लढवली नाही. लढवू शकणारे तिनं आधीच बाद केले होते.

इकडे संसदेनं आणि न्यायालयानं मात्र गर्भपाताचा कायदा थोडा थोडा बाईच्या दिशेनं सरकवला. २०२१ च्या दुरुस्तीनं काही गटांसाठी मुदत २४ आठवडे झाली आणि ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानं अविवाहित बाईलाही तोच दर्जा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘रो’ निकाल रद्द केला आणि प्रश्न राज्यांकडे परतला. टेक्साससारख्या राज्यांत गर्भपात जवळजवळ बंद झाला, कॅन्ससच्या मतदारांनी सार्वमतात बंदीचा मार्ग रोखला. पाठिंब्याचं राजकारण तिथं असं दोन्ही बाजूंनी चालतं.

आपल्याकडे ते राजकारण झालं नाही, याचा फायदा खरा आहे. सरकार बदललं म्हणून मुरुडच्या किंवा श्रीवर्धनच्या बाईचा कायदा एका रात्रीत बदलत नाही. पण किंमतही तेवढीच खरी आहे. कुणी मागितला नाही म्हणून कायद्याला वाली नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत प्रत्येक पक्ष बायकांच्या मतांसाठी धावत होता, लाडक्या बहिणींच्या दीड हजार रुपयांचे आकडे चढत होते. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताची सोय आहे का, नोंदणीकृत डॉक्टर आहे का, नवऱ्याची सही का मागतात, हे किनाऱ्यावरच्या एकाही जाहीरनाम्याचा विषय झालं नाही. जमिनीसाठी सहा वर्षं उपाशी राहून ज्या जिल्ह्यानं आमदारांना विधेयक आणायला लावलं, त्या जिल्ह्याला उमेदवाराकडून जाब कसा घ्यायचा ते वेगळं शिकवायला नको. जमिनीसाठी जसा घेतला तसा तो या प्रश्नावर बायकांनी घ्यायचा आहे. त्यासाठी बाहेरच्या कुणा संघटनेच्या पाठिंब्याची वाट पाहायचं कारण नाही, कारण आता प्रत्येकीकडे मत आहे.